पाण्यातील माशांची पैसेवारी

दर्यापूर या गावाच्या नावात दर्या असला, तरी तेथून समुद्र सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. वऱ्हाडच्या इमादशाही घराण्यात सोळाव्या शतकात दर्या इमादशाह नावाचा सुलतान होऊन गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे नावावरून समुद्राचा शोध घेत बसण्याचे कारण उरत नाही. गावाला लागून चंद्रभागा वाहते, ती पुढे पूर्णेला मिळते, आणि पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. पिण्यासाठी शहानूर धरणाचे पाणी नळाने आणावे लागते. खाऱ्या पाण्याशी असलेली ओळख एवढीच. तथापि आठवडी बाजारात सुके बोंबील आणि सुकट यांचे ढीग मांडलेले असतात, आणि त्या ढिगांच्या रूपाने अरबी समुद्र वऱ्हाडच्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचतो. बोंबलाचा भाव चढला म्हणजे गिऱ्हाईक विक्रेत्याशी हुज्जत घालते. परंतु समुद्रात बोंबील किती शिल्लक आहे, हा प्रश्न त्या हुज्जतीत कधी निघत नाही; आणि निघालाच, तर त्याचे उत्तर देणे भल्याभल्यांना कठीण जाईल.

पिकाच्या बाबतीत हाच प्रश्न वऱ्हाडातील शेतकऱ्याला चांगला परिचयाचा आहे. पूर्वीची आणेवारी आणि आजची पैसेवारी म्हणजे उभ्या पिकाचा अंदाजच होय. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. आणि तो आकडा पन्नासच्या वर गेला की खाली आला, यावर सवलती मिळणार किंवा नाही हे ठरते. म्हणूनच त्या आकड्याबद्दल गावोगाव एवढी तक्रार असते. अंतिम आकड्यामागे पीककापणी प्रयोग असतात. शेते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावयाची, त्यांत ठरावीक मापाचा तुकडा आखावयाचा, त्यातील पीक कापून, मळून, तोलावयाचे आणि त्यावरून साऱ्या मंडळाचा उतारा काढावयाचा, अशी ही रीत आहे. ही रीत भारतात शास्त्रशुद्ध पायावर उभी करण्यात डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा वाटा फार मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली होती. कापणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असला, तर कडेची रोपे नकळत आत ओढली जातात आणि उतारा प्रत्यक्षाहून फुगतो. अशी चूक प्रयोगांची संख्या वाढवून जात नाही. शंभर शेतांऐवजी हजार शेते घेतली, तरी ती तेवढीच राहते, कारण ती मोजण्याच्या रीतीतच दडलेली असते.

सुखात्मे यांचा माशांशीही संबंध आला, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नाही. १९५८ साली सुखात्मे, पानसे आणि शास्त्री या तिघांचा समुद्रातील मासळीच्या पकडीचा अंदाज नमुना-पाहणीने कसा करावा, यावरील निबंध बायोमेट्रिक्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. किनाऱ्यावरची काही बंदरे आणि महिन्यातील काही दिवस निवडावयाचे, त्या दिवशी लागलेल्या होड्यांपैकी काही होड्यांची मासळी मोजावयाची आणि तीवरून साऱ्या किनाऱ्याची पकड काढावयाची. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आजही जे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करते, ते याच जातीच्या पाहणीतून येतात. ससून डॉक, सातपाटी, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांत पहाटे वही घेऊन उभे राहणाऱ्या निरीक्षकांच्या कष्टांवर ही सारी इमारत उभी आहे, आणि तिची योग्यता कमी लेखण्याचे काही कारण नाही.

पण ही पाहणी मोजते ती पकडलेली मासळी. पाण्यात राहिलेली मासळी तिच्या हिशेबात येत नाही. शेताकडे न फिरकता बाजार समितीच्या आवारात आलेल्या कापसावरून उभ्या पऱ्हाटीचा अंदाज करावा, तसा हा प्रकार आहे. आवक वाढली याचा अर्थ पीक चांगले आले असाही होईल, किंवा भाव चढल्यामुळे घरात भरून ठेवलेला कापूसही बाहेर निघाला असाही होईल. समुद्रात तर याहून वाईट घडू शकते. मासे कमी होऊ लागले म्हणजे उरलेले मासे पुष्कळदा एकत्र गोळा होतात. बोटी अधिक दमदार आणि यंत्रे अधिक तीक्ष्ण झालेली असल्यामुळे ते सापडतात. आणि पकडीचा आकडा अखेरपर्यंत बरा दिसत राहतो. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड माशाचे नेमके असेच झाले. व्यापारी जहाजांच्या पकडीवरून साठा भरपूर असल्याचा निर्वाळा मिळत होता, तर संशोधन जहाजांच्या पाहण्या तितक्या आश्वासक नव्हत्या. अखेर २ जुलै १९९२ रोजी सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार गेला. चार-पाचशे वर्षे चाललेला धंदा एका घोषणेने थांबला.

उभे पीक मोजण्याचा मार्ग पाण्यात आहे काय? पाण्यात नजर फार दूर जात नाही. गढूळ खाडीत हातभर खोलीवरचेही दिसत नाही आणि निर्मळ समुद्रातही काही दशमीटरांपलीकडे काळोखच असतो. ध्वनीचे मात्र उलट आहे. तो पाण्यात हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने, सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, आणि दूरवर जातो. १८२६ साली कोलाडों या स्विस शास्त्रज्ञाने जिनिव्हाच्या सरोवरात घंटा बुडवून हा वेग मोजला होता. पुढे १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर हिमनग आधी कळावा म्हणून, आणि पहिल्या महायुद्धात पाणबुडी कळावी म्हणून, पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपण्याची खटपट सुरू झाली. लांजवाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने गारगोटीच्या स्फटिकाला विजेने कंपित करून ती साध्य केली. माशांसाठी तिचा उपयोग जपानमध्ये १९२९ साली किमुरा यांनी एका तळ्यात करून पाहिला. १९३५ साली नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी लोफोतेन बेटांजवळच्या समुद्रातील कॉडच्या थव्यांची कागदावर उमटलेली प्रतिध्वनिरेखा नेचर या साप्ताहिकात छापली. समुद्राचा तळ आणि पृष्ठभाग यांच्यामधोमध मासे एखाद्या पट्ट्यासारखे पसरलेले त्या चित्रात दिसत होते. हजारो वर्षे मासे पकडणाऱ्या माणसाने मासे पाण्यात कसे राहतात ते अशा रीतीने पाहिले.

युद्धकाळातील एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. १९४२ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे अमेरिकी शास्त्रज्ञांना खोल समुद्रात तीन-चारशे मीटरांवर तळ असल्याचे प्रतिध्वनी मिळू लागले. तळ तर तेथून कितीतरी खाली होता. १९४५ साली मार्टिन जॉन्सन या प्राणिशास्त्रज्ञाने पाळत ठेवली, तेव्हा हा तळ सूर्यास्ताला वर येतो आणि पहाटे पुन्हा खाली उतरतो, असे आढळले. तो सजीवांचा थर होता. दिवसा काळोखात दडणारे आणि रात्री चरावयास वर येणारे लहान मासे व इतर प्राणी यांनी तो बनलेला होता. जगातील जवळजवळ सर्व महासागरांत हा थर आहे, आणि अरबी समुद्रात तो विशेष दाट आहे. १९७५ व १९७६ या वर्षांत नॉर्वेच्या डॉ. फ्रिट्योफ नान्सेन या जहाजाने अरबी समुद्राच्या पश्चिम व उत्तर भागाची ध्वनिपाहणी केली. तीवरून या खोल पाण्यातील लहान माशांचा साठा सुमारे दहा कोटी टन असावा, असा अंदाज निघाला. आकडा ऐकून अनेकांचे डोळे दिपले. पण हे मासे बोटभर लांबीचे, चरबट आणि विरळ पसरलेले. ते पकडून आणण्याचा खर्च निघेना. साठा आहे म्हणजे धंदा आहे असे नव्हे, हे त्या दहा कोटी टनांनी शिकवले.

प्रतिध्वनीवरून माशांची संख्या कशी काढतात, हे थोडे तपशिलात पाहणे आवश्यक आहे, कारण या पद्धतीची सारी ताकद आणि सारा दुबळेपणा त्या तपशिलातच आहे. जहाजाच्या तळाशी बसवलेले यंत्र खाली ध्वनीचा एक अत्यल्प काळाचा ठोका सोडते. पुष्कळदा त्याची कंपने सेकंदाला अडतीस हजार असतात, म्हणजे माणसाच्या कानाला ती ऐकू येत नाहीत. ठोका माशाला लागून परत येण्यास लागलेल्या वेळावरून मासा किती खोल आहे ते कळते. एकदशांश सेकंद लागला तर पंचाहत्तर मीटर. एकटा मासा असेल तर तो वेगळा मोजता येतो. थवा असेल तर एकेक मासा सुटा करता येत नाही. तेथे परत आलेल्या सर्व ध्वनीची ऊर्जा एकत्र मोजतात आणि एका माशाच्या वाट्याने तिला भागतात. पोत्याचे वजन करून त्याला एका दाण्याच्या वजनाने भागावे, तशीच ही रीत. जहाज समुद्रात ठरलेल्या समांतर किंवा नागमोडी रेषांवरून जाते आणि त्या रेषांवरील आकड्यांवरून साऱ्या क्षेत्राचा साठा काढला जातो. हा भाग तर थेट पीककापणी प्रयोगासारखाच आहे.

आता एका माशाचा वाटा किती धरावयाचा? ध्वनी परतवतो तो माशाचा बहुतांश देह नव्हे, तर त्याच्या पोटातील हवेची पिशवी, जिला प्राणिशास्त्रात वाताशय म्हणतात. माशाचे मांस आणि पाणी यांच्या घनतेत फारसा फरक नसल्यामुळे ध्वनी मांसातून जवळपास आरपार जातो. हवेच्या पिशवीवर मात्र तो आदळून परततो. नॉर्वेत काम करणाऱ्या केनेथ फूट यांनी १९८० साली दाखवले, की वाताशय असलेल्या माशाच्या प्रतिध्वनीतील नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्या पिशवीचाच असतो. साहजिकच ज्या माशाला वाताशय नाही, तो या यंत्राला फार अंधुक दिसतो. अटलांटिकमधील मॅकरेल असा आहे, मुशीसारखे मासे असे आहेत. आणि वऱ्हाडच्या बाजारात वाळून येणारा बोंबीलही तसाच आहे. त्याच्या गणातील कोणत्याच माशाला वाताशय नसतो. कोकणच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांत टनांनी सापडणारा हा मऊ, पाणीदार मासा प्रतिध्वनीच्या कागदावर जेमतेम उमटतो. म्हणजे वऱ्हाडी गिऱ्हाइकाला ज्या एका समुद्री माशाचा साठा जाणून घ्यावासा वाटेल, त्याच्याच बाबतीत ध्वनी सर्वांत कमी बोलतो. त्याची मोजणी अजूनही जाळ्यावर आणि बंदरावरच सोपवावी लागणार.

वाताशय असलेल्या माशांचेही सारे सरळ नाही. मासा डोके खाली करून पोहत असेल, तर पिशवी तिरपी होते आणि प्रतिध्वनी घटतो. दिवसा आणि रात्री एकाच थव्याचे आकडे त्यामुळे वेगळे येतात. जहाजाच्या आवाजाने मासे बाजूला सरतात. अगदी वरच्या काही मीटरांतले मासे यंत्राच्या टप्प्यातच येत नाहीत, आणि तारली व बांगडा यांचे थवे तर पुष्कळदा तेथेच असतात. तळाला चिकटून राहणाऱ्या माशांचा प्रतिध्वनी तळाच्या प्रतिध्वनीत बुडून जातो. शिवाय यंत्राला जात कळत नाही. थवा तारलीचा की आणखी कशाचा, हे ठरवण्यासाठी मधून मधून जाळे टाकून मासे वर काढावेच लागतात. एका माशाचा वाटा ठरवताना तीन डेसिबलांची चूक झाली, तर साऱ्या समुद्राचा साठा दुप्पट किंवा निम्मा होऊन बसतो. सुखात्मे यांनी लहान तुकड्यांच्या बाबतीत जी जातीची चूक दाखवली, तीच ही. जहाजाच्या फेऱ्या वाढवून ती निघत नाही. खोल समुद्रातील माशांचे उदाहरण बोलके आहे. त्यांचा जागतिक साठा आधी सुमारे शंभर कोटी टन धरला जात असे. २०१० च्या स्पॅनिश मालास्पिना मोहिमेतील ध्वनिमापनांच्या आधारे २०१४ साली तो सुमारे हजार कोटी टन असावा, असे प्रसिद्ध झाले. एका झटक्यात दसपट. त्या प्रतिध्वनीत हवेचे फुगे बाळगणाऱ्या जेलीसारख्या प्राण्यांचा वाटा किती, यावर वाद अजून चालू आहे.

एवढ्या उणिवा सांगितल्यावर ही पद्धत निरुपयोगी ठरते असे कोणी म्हणेल, तर ते बरोबर नाही. तिचे मोल असे, की ती मच्छीमाराच्या यशापयशावर अवलंबून नाही आणि तिच्या चुका वर्षानुवर्षे बऱ्याच अंशी सारख्या राहतात. त्याच जहाजाने, त्याच यंत्राने, त्याच ऋतूत, त्याच रेषांवरून फेरी केली, तर साठा किती आहे हे नेमके कळले नाही, तरी तो वाढला की घटला हे कळते. कायदा करणाऱ्याला बहुधा एवढेच हवे असते. पेरू देशाने ते अनुभवाने ओळखले. तेथील आन्चोवेता या लहान माशाची पकड १९७० साली सव्वा कोटी टनांच्या घरात होती. १९७३ साली ती वीस लाख टनांच्या आसपास कोसळली. आता प्रत्येक हंगामापूर्वी तेथील सरकारी सागरी संस्था ध्वनिपाहणी करते आणि तीवरून किती टन पकडावयाचे ते ठरते. २०२३ साली पाण्यात कोवळ्या माशांचेच प्रमाण फार निघाले, तेव्हा उत्तर व मध्य किनाऱ्यावरचा पहिला हंगामच रद्द करण्यात आला. मासळीच्या भुकटीच्या जागतिक बाजारात त्यामुळे खळबळ उडाली, कारखाने बसून राहिले. पण निर्णय झाला.

भारताला हे तंत्र अपरिचित आहे असे नाही. १९७१ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने कोचीन येथे पृष्ठभागीय मासळीचा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या दोन जहाजांची नावेच रास्ट्रेलिजर आणि सार्डिनेला अशी, म्हणजे बांगडा आणि तारली यांच्या शास्त्रीय नावांवरून ठेवलेली होती. रत्नागिरीपासून दक्षिणेकडील समुद्रात या जहाजांनी प्रतिध्वनीच्या साहाय्याने थव्यांचा माग काढला. १९८४ साली डेन्मार्कमध्ये बांधलेले सागर संपदा हे संशोधन जहाज आले आणि त्याने भारताच्या आर्थिक क्षेत्रातील खोल थरांची ध्वनिपाहणी केली. मुंबईत मुख्यालय असलेले भारतीय मत्स्य सर्वेक्षणही आपल्या जहाजांतून नियमाने पाहणी करते, ती मुख्यतः जाळे टाकून. ज्ञान आहे, माणसे आहेत, जहाजेही आहेत. परंतु पेरूप्रमाणे त्या आकड्यावरून हंगामाची मर्यादा ठरावी, अशी व्यवस्था येथे नाही. भारतात माशाच्या जातीनुसार पकडीचा कोटाच ठरत नाही. २०१८ साली देशाच्या समुद्रातून वर्षाला ५३ लाख टनांच्या आसपास मासळी मिळू शकेल, असा अंदाज तज्ज्ञ समितीने दिला. साऱ्या देशाचा आणि साऱ्या जातींचा मिळून एक आकडा रत्नागिरीच्या बांगड्याला काय उपयोगी पडणार?

महाराष्ट्रात या उणिवेची किंमत मोजावी लागते. २०१८ साली राज्याच्या किनाऱ्यावर सुमारे २ लाख ९५ हजार टन मासळी उतरली. २०१९ साली ती सुमारे २ लाख १ हजार टनांवर आली, जी पंचेचाळीस वर्षांतील सर्वांत कमी होती. त्या वर्षी वादळेही झाली आणि मासेमारीचे दिवस वाया गेले. मग घट माशांची की दिवसांची? केवळ बंदरावरच्या वहीतून याचे पूर्ण उत्तर निघत नाही. त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये शासनाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, आणि तेव्हापासून रापण व इतर पारंपरिक जाळ्यांचे मच्छीमार एका बाजूला व पर्ससीनवाले दुसऱ्या बाजूला, असा तंटा सिंधुदुर्ग-रत्नागिरीत धुमसतो आहे. एक पक्ष म्हणतो, मासा संपला. दुसरा म्हणतो, मासा आहे, तो दूर गेला. दोन्ही पक्ष आपापल्या जाळ्याकडे बोट दाखवतात. येथे एक विपर्यास नोंदवला पाहिजे. मोठ्या बोटीवर आज थवा दाखवणारे प्रतिध्वनियंत्र असते आणि त्याच्या आधारे जाळे अचूक टाकले जाते. म्हणजे जे यंत्र मासे मोजू शकते, ते मासे पकडण्याच्या कामी किनाऱ्यावर केव्हाच रुजले. मोजण्याच्या कामी मात्र ते संशोधकांच्या जहाजापुरतेच राहिले. पारंपरिक मच्छीमाराची खरी तक्रार हीच असावयास हवी.

माशांना नुसता प्रतिध्वनी नसतो, स्वतःचा आवाजही असतो, आणि अलीकडे तोही मोजणीस उपयोगी पडू लागला आहे. पालघरच्या समुद्रातील घोळ माशाच्या वाताशयाला परदेशात सोन्याचे मोल येते. २०२१ साली मुरबे येथील एका बोटीला दीडशेहून अधिक घोळ सापडले आणि त्यांचे एक कोटीहून अधिक रुपये झाले, तेव्हा वृत्तपत्रांनी ती बातमी ठळक छापली होती. घोळ ज्या कुळातला, त्या कुळातील मासे वाताशयाभोवतीचे स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतात. प्रजननकाळी हजारो नर एकदम असा आवाज करतात. मेक्सिकोतील कोलोरॅडो नदीच्या मुखाशी याच कुळातील कोर्व्हिना मासा अंडी घालण्यासाठी जमतो. तेथे शास्त्रज्ञांनी एकीकडे प्रतिध्वनीने मासे मोजले आणि दुसरीकडे पाण्यात श्रवणयंत्र सोडून त्यांचा गलबला मोजला. दोन्हींची सांगड बसते, हे त्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केले. एका वेळी जमलेल्या माशांचा त्यांचा अंदाज सुमारे पंधरा लाखांचा होता. जहाज न नेता केवळ ऐकून मोजणी करता आली, तर खर्च कितीतरी उतरेल. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जुवारीच्या मुखात टेरापॉन जातीच्या माशांचा समूहस्वर असाच टिपला आहे. घोळीच्या थव्यावर कोणी कान ठेवला, तर ज्या माशाच्या मागे सारा किनारा लागला आहे, तो किती उरला याचा पत्ता लागेल.

वऱ्हाडच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचा संभव आहे. परंतु अमरावती जिल्ह्यात पाणी काही कमी नाही. मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरणाचा विस्तीर्ण नल-दमयंती सागर आहे. शहानूर, चंद्रभागा, सापन, पूर्णा अशी मध्यम धरणे सातपुड्याच्या पायथ्याशी ओळीने उभी आहेत. या जलाशयांवर भोई समाजाच्या आणि इतरांच्या मच्छीमार सहकारी संस्था पोट भरतात. कतला, रोहू, मृगळ यांची बोटुकली दरवर्षी पाण्यात सोडली जाते. ती किती सोडावयाची आणि ठेक्याची रक्कम किती, हे जलक्षेत्राच्या हेक्टरवरून ठरते. पाण्यात मासा किती आहे, हा आकडा त्या कागदांत कोठेच येत नाही. पाऊस ओढला, पाणी आटले, बीज मेले किंवा सांडव्यावरून वाहून गेले, तर संस्था नुकसान सांगते आणि कार्यालय पुरावा मागते. पुराव्याला काही असेल, तर ती पकडीची वही, जिच्यावर दोन्ही पक्षांचा पुरता विश्वास नसतो. शेतकऱ्याला पैसेवारीविरुद्ध ओरडण्यासाठी निदान पैसेवारी तरी आहे. भोयाला तेवढेही नाही.

तलाव आणि जलाशय यांतील मासे ध्वनीने मोजण्याची रीत युरोपात इतकी रूढ झाली आहे, की २०१४ साली तिचे मानकही ठरले. त्यासाठी मोठे जहाज लागत नाही. साध्या होडीला बांधता येईल असे यंत्र पुरते. कतला-रोहूसारखे मासे तर या कामाला अनुकूलच. त्यांचे वाताशय मोठे, दोन कप्प्यांचे असते, आणि त्याला कानाशी जोडणारी इवलीशी हाडांची साखळीही असते, ज्यामुळे त्यांना ऐकूही उत्तम येते. अडचणी अर्थात आहेत. मरळ काठच्या उथळ गवतात राहतो, तो सापडणार नाही. बुडालेल्या झाडांची खोडे प्रतिध्वनी देतात, आणि गाळातून निघणारे वायूचे बुडबुडे माशांसारखेच भासतात. पाणी उथळ असेल तेथे यंत्र खाली न रोखता आडवे रोखावे लागते. म्हणून पाहणीबरोबर जाळी टाकून जात आणि लांबी पडताळणे क्रमप्राप्त ठरते, आणि ते काम भोई मच्छीमाराइतके चांगले दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

मत्स्यव्यवसाय विभागाने प्रथम एका धरणावर हे करून पाहावे. त्यासाठी शहानूरसारखा मध्यम जलाशय सोयीचा. पाहणी वर्षातून दोनदा व्हावी: एकदा पावसाळा सरल्यावर, जलाशय भरलेला आणि बीज सोडून झालेले असताना, आणि दुसऱ्यांदा उन्हाळ्याच्या तोंडी, पाणी ओसरून मासे धरणाच्या भिंतीकडील खोल डोहात गोळा होण्यापूर्वी. ती रात्री व्हावी, कारण दिवसा थव्याने राहणारे मासे रात्री विखुरतात आणि एकेक मोजता येतात. होडीच्या रेषा नकाशावर कायमच्या आखलेल्या असाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षीचा अधिकारी बदलला तरी रेषा बदलणार नाहीत. आकडा आला की तो दोन्ही टोकांसह, कमीत कमी इतका व जास्तीत जास्त इतका असा, संस्थेच्या कार्यालयात आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. पहिल्या वर्षीच्या आकड्यावरून काहीच ठरवू नये. तिसऱ्या वर्षी तिन्ही आकडे, सोडलेल्या बोटुकलीची संख्या आणि संस्थेची पकडीची वही एकत्र ठेवून ठेक्याची रक्कम ठरवण्यास बसावे, आणि त्या बैठकीला दर्यापूर-अंजनगावच्या मच्छीमारांनाही बोलवावे.